किन्नौर-स्पितीचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमल्याहून निघायचं, सतलजच्या काठाकाठाने किन्नौरात शिरायचं, खाबपाशी सतलज सोडून स्पिती नदी धरायची, काझापर्यंत जायचं आणि कुंझुम खिंड ओलांडून मनालीत उतरायचं. हिमाचल प्रदेशातली ही फेरी महाराष्ट्रातून आता पुष्कळ जण करतात. मे महिन्याची सुट्टी जवळ आली की तेच ते प्रश्न येऊ लागतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक आग्रह यात पुन्हा पुन्हा दिसेल: दिवस वाढवा. या रस्त्यावरची डोकेदुखी, अपघात, गाडीतली भांडणं, चुकलेली विमानं, बहुतेक सगळं घाईतून येतं.

किती दिवस हाताशी हवेत?

चंदीगड ते चंदीगड धरले तर कमीत कमी दहा. बारा असतील तर फारच छान. किन्नौरमार्गे शिमला ते काझा साधारण ४२० किलोमीटर आणि काझा ते मनाली साधारण २०० किलोमीटर आहे. आकडे पाहून लोक म्हणतात, एवढं तर आपण एका दिवसात गोव्याला जातो. पण कल्पा ते नाको या शंभरेक किलोमीटरला चार-पाच तास जातात, आणि काझा ते मनाली पहाटे निघालं तरी संध्याकाळ होते.

बारा दिवस असतील तर मुक्काम असे ठेवा: नारकंडा किंवा सराहन, मग सांगला किंवा छितकुल, मग कल्पा, नाको, ताबो, काझाला तीन रात्री, चंद्रताल, मनाली. यात एक दिवस कोरा सोडा. त्या दिवशी काहीच ठरवायचं नाही. रस्त्यात दरड आली तर तो दिवस कामी येतो, नाही आली तर धनकरला राहा. परतीचं विमान मनालीत पोचण्याच्या दुसऱ्याच सकाळचं काढू नका.

शिमल्याकडून जावं की मनालीकडून?

शिमल्याकडून. यात मला दुसरी बाजूच दिसत नाही. सराहन सुमारे २,३०० मीटरवर आहे, कल्पा २,९६० च्या आसपास, नाको ३,६६० च्या आसपास. पुढे ताबो थोडं खाली, ३,३०० च्या जवळ, आणि मग काझा पुन्हा ३,६०० च्या वर. शरीराला पायरी-पायरीने चढायला मिळतं. मनाली २,००० मीटरवर. तिथून सकाळी निघून दुपारी ४,५५० मीटरच्या कुंझुमवर उभं राहिलात तर ती रात्र कशी जाईल ते सांगता येत नाही. मनालीकडून आलेली माणसं काझात पहिला दिवस खोलीत झोपून काढताना हमखास दिसतात.

दुसरं कारण डोळ्यांचं आहे. शिमल्याकडून जाताना देवदार, सफरचंदाच्या बागा, मग चिलगोज्याची (खाण्याजोग्या बियांच्या पाइनची) झाडं, मग नुसता दगड आणि माती असा बदल सावकाश होत जातो. खाबच्या पुलावर तो पूर्ण होतो. तिबेटातून आलेली सतलज उजवीकडून येते, स्पिती डावीकडून, आणि पूल ओलांडला की रस्ता सरळ कातळ पोखरून केलेल्या खाचेत शिरतो. वर पाहिलं तर आकाशाची पट्टी, खाली पाणी. तिथून ‘का’ नावाच्या गावाजवळची वळणं चढत नाको गाठेपर्यंत हिरवं काही दिसत नाही, आणि मग एकदम तळं, त्याभोवती वाळुंजाची झाडं आणि जवाची शेतं समोर येतात. उलट दिशेने आलात तर हे सगळं परतीच्या घाईत निघून जातं.

मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला मे महिनाच जमतो. चालेल का?

चालेल, पण कुंझुम उघडेल असं धरून चालू नका. खिंडीतला बर्फ साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हटवला जातो आणि ते त्या हिवाळ्यात किती बर्फ पडलं यावर अवलंबून असतं. मे महिन्यात किन्नौरकडून काझापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परतायचं, असाच बेत करा. अर्धी फेरी झाली म्हणून हळहळू नका. जाताना सांगला ठेवा, येताना सराहन ठेवा, दोन्ही वाटा वेगळ्या वाटतात.

मला विचाराल तर सप्टेंबर. गणपती उरकले की निघा. पाऊस ओसरलेला असतो, रस्ते बहुधा दुरुस्त झालेले असतात, स्पितीत जव पिवळं पडलेलं असतं आणि किन्नौरात सफरचंदं उतरवायला सुरुवात झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर थंडी कडक असते, आणि कुंझुम कोणत्याही बर्फानंतर बंद होऊ शकते.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस नसतो म्हणे. मग तेव्हा का जाऊ नये?

स्पिती पर्जन्यछायेत आहे हे खरं. पण स्पितीत पोचायला किन्नौर ओलांडावं लागतं आणि किन्नौरचे डोंगर पावसात सुटतात. २५ जुलै २०२१ ला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून शिळा कोसळल्या आणि पर्यटकांच्या गाडीतले नऊ जण गेले. सतरा दिवसांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरीला राष्ट्रीय महामार्ग ५ वर दरड कोसळून एसटीसारखी प्रवाशांची बस गाडली गेली, त्यात २८ माणसं दगावली. जुलै २०२३ मध्ये मनालीच्या बाजूला अतिवृष्टी झाली तेव्हा चंद्रतालच्या तंबूंमध्ये अडीचशेहून जास्त माणसं बर्फात अडकली होती.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ऑगस्टमध्ये जाणारे जातात आणि नीट परत येतात. पण त्या दिवसांत जाणार असाल तर दोन कोरे दिवस ठेवा, पाऊस पडत असताना आणि अंधार पडल्यावर गाडी हलवू नका, आणि स्थानिक ड्रायव्हर ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका.

उंचीचा त्रास कसा ओळखायचा? गोळ्या घ्याव्यात का?

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं, ही सुरुवातीची चिन्हं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर यातलं थोडंफार बऱ्याच जणांना होतं आणि तिथेच थांबून विश्रांती घेतली की एक-दोन दिवसांत उतरतं. नियम एवढाच की त्रास होत असताना आणखी वर जाऊन झोपायचं नाही. चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं ही मात्र धोक्याची घंटा. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. लगेच खाली उतरवायचं आणि दवाखाना गाठायचा. काझाला सरकारी रुग्णालय आहे, रिकांगपिओला (सगळे त्याला नुसतं पिओ म्हणतात) जिल्हा रुग्णालय आहे.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, जी बहुतेकांना डायमॉक्स या नावाने माहीत असते, ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणजे घाई करायला मोकळीक मिळाली, असं होत नाही. कापूर हुंगणं, लसूण चघळणं यांवर विसंबू नका. पाणी पीत राहा, पहिल्या दोन रात्री दारू टाळा, पोचल्या पोचल्या आंघोळीची आणि चढउताराची घाई करू नका. काझात राहून दिवसा लांगझा, कोमिक पाहायचं आणि रात्री पुन्हा खाली काझात झोपायचं, हा क्रम फार चांगला आहे. कोमिक ४,५०० मीटरच्या वर आहे, तिथे पहिल्याच दिवशी मुक्काम करू नका.

आमची साधी हॅचबॅक जाईल का? मी वरंध आणि आंबेनळी घाटात गाडी चालवतो.

काझापर्यंत किन्नौरकडून हॅचबॅक जाते. स्थानिक लोकांच्या लहान गाड्या रोज तिथेच धावतात. खरी अडचण कुंझुमनंतर, बातल ते ग्रामफू या टप्प्यात आहे. तिथे बराच रस्ता म्हणजे नदीकाठचे गोटे, आणि मधून मधून नाले थेट रस्त्यावरून वाहतात. रुंदीकरणाचं काम चालू आहे, पण जमिनीपासून कमी उंचीच्या गाडीचा तळ अजूनही घासतो. नाल्यांचं पाणी बर्फ वितळून येतं, त्यामुळे सकाळी ते पोटरीइतकं आणि दुपारी ऊन तापल्यावर गुडघ्याच्या वर असू शकतं. म्हणून लोसर किंवा चंद्रतालहून पहाटेच निघायचं. नाल्यात शिरण्याआधी पुढची गाडी कुठून गेली ते बघायचं, पहिल्या गिअरमध्ये एकसारखी गती ठेवायची, मध्ये थांबायचं नाही.

सह्याद्रीत घाट चालवलेल्या माणसाला वळणांची भीती नसते, तेवढी शिदोरी कामाला येते. फरक असा की आपला घाट अर्ध्या तासात संपतो आणि इथला चार दिवस चालतो, तोही बऱ्याच ठिकाणी कठड्याशिवाय. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, गिअरवर गाडी रोखायची. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा. समोरून ट्रक आला तर तो ड्रायव्हर हाताने खूण करतो, त्याप्रमाणे वागा. त्याला रस्त्याची कड तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मलिंग नाल्यापाशी आणि इतरही काही ठिकाणी ‘शूटिंग स्टोन’चे फलक लागलेले आहेत. वाऱ्याने, पावसाने, कधी नुसत्या उन्हानेही वरचे बारीक दगड सुटून खाली येतात. तिथे फोटोसाठी थांबू नका. गाडीच्या काचा बंद करा, वर एक नजर टाका आणि निघून जा.

तरंडा ढांकला मात्र सगळे थांबतात. कातळ कोरून काढलेला तो महामार्गाचा भाग, आणि शेजारी तरंडा मातेचं देऊळ. ट्रकवाला असो की लष्कराची गाडी, ड्रायव्हर उतरतो, हात जोडतो, कपाळाला टिळा लावून पुढे जातो. तुम्हीही दोन मिनिटं उतरा. हा रस्ता आणि पुढचे कितीतरी रस्ते सीमा सडक संघटनेच्या माणसांनी आणि झारखंड-बिहारहून आलेल्या मजुरांनी जिवावर उदार होऊन केले आहेत. वाटेत ते काम करताना दिसले तर गाडीचा वेग कमी करा, त्यांच्या तोंडावर धूळ उडवू नका.

गाडी नाही, भाड्याची परवडत नाही. बसने होईल?

होईल. हिमाचलच्या परिवहन महामंडळाची बस आपल्या लाल परीइतकीच भरवशाची आहे. शिमल्याहून रिकांगपिओ, आणि पिओहून सकाळी काझाची बस मिळते. उन्हाळ्यात कुंझुम उघडली की काझा ते मनालीही बस चालते. आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन वेळ विचारून घ्या. काझाहून आसपासच्या गावांना मात्र टॅक्सी करावी लागते, ती चार जणांत वाटून घेतात.

पेट्रोल कुठे मिळतं?

रामपूरला भरा, पिओच्या खाली पोवारीला टाकी पुन्हा गच्च करा, मग काझाला. पोवारी ते काझा दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि मधे पंपाच्या भरवशावर राहू नये. काझाहून निघतानाही टाकी पूर्ण हवी.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना या फेरीसाठी लागत नाही. आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र जवळ असू द्या, सुमदोसारख्या नाक्यांवर विचारतात. गाडीची कागदपत्रं आणि पीयूसी तर हवंच. रोहतांगचा परवाना अटल बोगद्यातून जाणाऱ्यांना लागत नाही. ग्रामफूहून कोकसरला उतरून बोगदा धरला की झालं. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला.

अमेरिका-इंग्लंडहून सुट्टीला आलेले नातेवाईक बरोबर असतील तर लक्ष द्या. परदेशी पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, किन्नौर आणि स्पिती यांच्या मधल्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना घ्यावा लागतो. तो पिओ, शिमला किंवा काझाला मिळतो. सरकारी कार्यालय रविवारी आणि सणाला बंद असतं हे धरून त्या दिवसाची आखणी करा.

हॉटेल की होमस्टे?

काझा आणि कल्पाला हॉटेलं आहेत, तिथे राहिलात तरी हरकत नाही. पण धनकर, लांगझा, किब्बर किंवा पिन खोऱ्यातल्या मुद गावात एक तरी रात्र घरात राहा. स्पितीचं घर मातीचं, जाड भिंतींचं, सपाट छताचं. छतावर गवत आणि काटक्यांचे भारे रचलेले असतात, तो हिवाळ्याचा साठा. घरातली सगळी ऊब एका खोलीत, जिथे पत्र्याची चूल पेटलेली असते. तिला तिथे तंदूर म्हणतात. ऑगस्टमध्ये गेलात तर त्या चुलीभोवती घरातली सगळी माणसं मटार सोलत बसलेली दिसतात. हिरवा मटार हे स्पितीचं रोख पैशाचं पीक, त्याची पोती भरून ट्रक खाली जातात. तुम्हीही सोलायला बसा. कुणी बसायला सांगणार नाही, पण बसलात तर चहा आपोआप पुढे येतो, आणि आजीकडून बर्फातल्या सहा महिन्यांची जी हकीकत ऐकायला मिळते ती कुठल्याही गाइडकडे नाही.

बऱ्याच घरांत कोरडं शौचालय असतं. वरच्या खोलीत एक खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की वर माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. त्याचं खत होऊन शेतात जातं. पाण्याची इतकी टंचाई असलेल्या मुलखात याहून शहाणी सोय मला माहीत नाही, तेव्हा नाक मुरडू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. शिवाय आईचा चतुर्थीचा उपास असतो.

शाकाहारी जेवणाची अजिबात चिंता नाही. डाळ, भात, राजमा, बटाटा, पराठे सगळीकडे मिळतं. भाज्यांचा थुक्पा (नूडल्स घातलेलं सूप) आणि मोमो मिळतात. थुक्पा सांगताना ‘व्हेज’ म्हणून स्पष्ट सांगा. काझात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. ढाब्यावर वेळ लागला तर धीर धरा. उपासाला राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर घरून न्या. मेतकूट आणि लसणाची चटणी नेलीत तर भूक मंदावलेल्या दिवशी मऊ भाताबरोबर ती फार उपयोगी पडते.

वेळ कमी पडला तर काय गाळावं आणि काय गाळू नये?

हिक्कीमचं पोस्ट ऑफिस गाळलं तरी चालेल. १९८३ पासून तिथे टपाल चालतं ही थोर गोष्ट आहे, पण आता लोक नुसतं पोस्टकार्ड टाकून फोटो काढून पळतात. चिचमच्या पुलावर दहा मिनिटं पुरतात. २०१७ मध्ये तो सुरू होण्याआधी गावकरी त्या खोल घळीवरून तारेवरच्या पाळण्यात बसून ये-जा करायचे, हे मात्र खाली पाहताना आठवा.

ताबो गाळू नका. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या येशे-ओ राजाने ९९६ साली हा बौद्ध मठ उभारला आणि तेव्हापासून तिथे पूजा खंडली नाही. बाहेरून मातीचे बुटके ढिगारे दिसतात, लोक निराश होऊन परत फिरतात. आत जा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहा. मधोमध चार मूर्तींचा वैरोचन बुद्ध, भिंतींवर जमिनीपासून वर, जणू हवेत बसवलेल्या मातीच्या मूर्ती, आणि त्यांच्या खाली-वर हजार वर्षांपूर्वीची चित्रं. फोटो काढायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात या मठाला हादरे बसले, म्हणून शेजारी नवा सभामंडप बांधला गेला. अजिंठा पाहिलेल्या माणसाने तर इथे अर्धा दिवस द्यायलाच हवा.

धनकरही गाळू नका. ही स्पितीची जुनी राजधानी. पिन आणि स्पितीच्या संगमावर, झिजून सुळके झालेल्या मातीच्या कड्यावर मठ टेकलेला आहे. २००६ मध्ये जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. जुन्या मठात एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, आपली पाळी येईपर्यंत थांबा.

चंद्रतालला तळ्याकाठी तंबू ठोकता येतो का?

नाही. हे रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ क्षेत्र आहे. तंबूंची वसाहत तळ्यापासून काही किलोमीटर अलीकडे असते. गाडी वाहनतळावर ठेवून शेवटचा टप्पा चालत जायचं. उंची ४,२५० मीटरच्या वर, रात्री थंडी बोचरी, म्हणून काझात दोन-तीन रात्री काढल्यावरच इथे राहा. पाण्यात उतरू नका, आंघोळ तर नाहीच.

मोबाईल आणि पैसे?

काझात नेटवर्क मिळतं, मोठ्या गावांत मिळतं, मधल्या रस्त्यावर तासन्‌तास मिळत नाही. ग्यू गावात तर मोबाईलची रेंज पहिल्यांदा एप्रिल २०२४ मध्ये पोचली. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दिवसभर फोन लागला नाही तर काळजी करायची नाही. नकाशे डाउनलोड करून न्या. पिओ आणि काझाला एटीएम आहे, पण रोख पिओलाच काढून ठेवा.

सत्तरीच्या आई-वडिलांना आणि पाच वर्षांच्या मुलाला न्यावं का?

कल्पा, सांगला, सराहनपर्यंत निःशंक न्या. सराहनचं भीमाकाली मंदिर, कल्पाहून दिसणारा किन्नर कैलास, सांगल्याची बास्पा नदी, यात ज्येष्ठांचं मन भरतं. सराहनच्या देवळात पुरुषांना डोक्यावर टोपी घालावी लागते, ती तिथेच देतात. नाकोच्या पुढचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर कल्पाला चार दिवस राहणं हीच मोठी सहल समजा. लहान मूल डोकं दुखतंय असं सांगत नाही, ते किरकिर करतं, खात नाही, पेंगतं. वर गेल्यावर अशी किरकिर साधी समजू नका.

गावात वागताना काय लक्षात ठेवायचं?

भेटल्यावर ‘जुले’ म्हणा, स्पितीत लगेच हसून उत्तर मिळतं. मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. किन्नौरात देवळाच्या चौथऱ्यावर न विचारता चढू नका आणि देवाच्या पालखीला हात लावू नका. माणसांचे, विशेषतः शेतात वाकलेल्या बायकांचे, फोटो विचारून काढा. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊच नका. घरच्या बाटलीत होमस्टेमध्ये उकळलेलं पाणी भरून घ्या. स्पितीतून कचरा बाहेर न्यायला शेकडो किलोमीटरचा हाच रस्ता आहे, म्हणून वेफर्सची रिकामी पाकिटंही आपल्याच बॅगेत परत आणा.

तिथून काय आणावं?

किन्नौरचे चिलगोजे, जर्दाळूच्या बियांचं तेल (तिथे त्याला ‘चुली’चं तेल म्हणतात, चुली म्हणजे रानटी जर्दाळू), सुकवलेले जर्दाळू, स्पितीतला छरम्याचा (सी-बकथॉर्नचा) रस. सप्टेंबरअखेर गेलात तर किन्नौरची सफरचंदं, चांगोची तर खासच. हिरव्या मखमलीच्या पट्टीची किन्नौरी टोपी पिओच्या बाजारात मिळते. लांगझाला शाळकरी मुलं खिशातून शंखाचे जीवाश्म काढून दाखवतात. ते टेथिस समुद्राच्या तळाशी राहिलेल्या प्राण्यांचे अवशेष आहेत, हातात घेऊन नीट बघा आणि मुलाला परत द्या. ते विकत घ्यायला बंदी आहे. मुलाला काही द्यावंसं वाटलं तर वही-पेन्सिल त्याच्या शाळेत नेऊन द्या.